नांदूरमध्यमेश्वर : गाळावर वसलेले पक्ष्यांचे गाव

नाशिक - पावसाळा सुरू झाला की नांदूरमध्यमेश्वर हे नाव दररोज वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडल्याची बातमी येते आणि तिच्या अखेरीस 'नांदूरमध्यमेश्वरमधून जायकवाडीच्या दिशेने इतके क्युसेक विसर्ग सुरू' असे एक ठरलेले वाक्य असते. मराठवाड्यातील वाचक त्या आकड्याकडे आशेने पाहतो, तर गोदाकाठचा शेतकरी धास्तीने. पावसाळा सरतो, आकडे थांबतात आणि नाव विस्मरणात जाते. नेमक्या त्याच सुमारास त्या ठिकाणी दुसरीच वर्दळ सुरू झालेली असते. हिमालयापलीकडून, मध्य आशियातून आणि सैबेरियातून निघालेले हजारो पक्षी गोदावरी आणि कादवेच्या संगमावरील त्या उथळ पाण्यावर उतरू लागतात.

निफाड तालुक्यातील हे अभयारण्य नाशिक शहरापासून साधारण साठ किलोमीटरच्या अंतरात आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सुटीच्या दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमारास शहरातून निघणाऱ्या मोटारींची संख्या आता चांगलीच वाढली आहे. राज्यातील सर्वांत कमी तापमानाची नोंद म्हणून ज्या निफाडचे नाव दर हिवाळ्यात घेतले जाते, तो हाच तालुका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरला, की द्राक्षबागायतदारांची झोप उडते. घडांना थंडीचा फटका बसू नये म्हणून बागांमध्ये रात्रभर शेकोट्या पेटवल्या जातात. पहाटे रस्त्याच्या दुतर्फा तो धूर जमिनीलगत तरंगत असतो. चापडगाव आणि खाणगाव थडी या गावांकडे वळेपर्यंत ऊस, कांदा आणि द्राक्षे यांचेच राज्य असते. अभयारण्य म्हटल्यावर मनात उभे राहणारे जंगल मात्र कोठेच दिसत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याचा येथेच किंचित हिरमोड होतो.

बंधाऱ्याने केलेली करामत

हिरमोड फार काळ टिकत नाही, परंतु त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नांदूरमध्यमेश्वर हे निसर्गनिर्मित सरोवर नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी, ब्रिटिश राजवटीत, गोदावरीचे पाणी अडवून ते कालव्यांत वळविण्यासाठी येथे दगडी बंधारा घालण्यात आला. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येथे अडवायचे, त्याची पातळी वाढवायची आणि दोन्ही तीरांवरील कालव्यांमधून ते खाली कोपरगाव, राहाता भागातील अवर्षणग्रस्त शेतीला द्यायचे, एवढेच त्याचे काम. त्यामुळे त्याची साठवणक्षमताही बेताचीच. वरच्या गंगापूर धरणाची क्षमता साडेपाच हजार दशलक्ष घनफुटांच्या वर आहे. नाशिक जिल्ह्यातील धरणांच्या रोजच्या यादीत नांदूरमध्यमेश्वरपुढे केवळ २५७ हा आकडा दिसतो.

नदी अडली की तिच्या पाण्याबरोबर येणारा गाळही अडतो. सह्याद्रीच्या उतारावरून आणि नाशिक, दिंडोरी, निफाडच्या काळ्या शेतांमधून वाहून आलेली माती शंभराहून अधिक वर्षे या बंधाऱ्यामागे साचत गेली. पाणी उथळ झाले. मध्ये लहानमोठी बेटे तयार झाली. काठाला दलदल पसरली. त्या दलदलीत पाणकणीस, लव्हाळे आणि निरनिराळ्या पाणवनस्पती रुजल्या, त्यांच्या आश्रयाने कीटक, गोगलगायी, मासे आणि बेडूक वाढले, आणि या आयत्या मेजवानीवर पक्षी आले. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने ही साठ्याची हानी होती. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र ते नव्या गावठाणासारखे होते.

पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी या जागेची तुलना राजस्थानातील भरतपूरशी केली होती, असे येथे सांगितले जाते आणि 'महाराष्ट्राचे भरतपूर' ही ओळख त्यानंतर कायमची चिकटली. १९८६ साली सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्राला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढे २०१९ मध्ये त्यातील १४३७ हेक्टर क्षेत्र रामसर यादीत समाविष्ट झाले आणि जानेवारी २०२० मध्ये देशातील अन्य नऊ स्थळांबरोबर त्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातील ही पहिली रामसर पाणथळ. त्यानंतर लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी यांनाही हा मान मिळाला. इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावरून हे नाव पडले असून, भारत १९८२ पासून त्या कराराचा सदस्य आहे. मानवनिर्मित जलाशयही या करारात पाणथळ म्हणून धरले जातात, ही गोष्ट नांदूरमध्यमेश्वरच्या बाबतीत महत्त्वाची ठरली. रामसरच्या नोंदीनुसार येथे २६५ जातींचे पक्षी, २४ जातींचे मासे आणि ५३६ जातींच्या वनस्पती आढळतात.

मनोऱ्यावरून दिसते ते

सूर्य वर येण्यापूर्वी काठावर पोहोचलेल्यांना आधी दिसत काहीच नाही, फक्त ऐकू येते. पाण्यावर धुक्याचा पडदा असतो आणि पलीकडून अखंड कलकलाट येत असतो. त्यात चक्रवाकाचा भोंग्यासारखा आवाज सर्वांत आधी ओळखू येतो. संस्कृत काव्याने या पक्ष्याला विरहाचे प्रतीक बनविले. रात्री नर आणि मादी नदीच्या दोन तीरांवर राहून एकमेकांना साद घालतात, अशी ती कल्पना. प्रत्यक्षात जोडी बहुधा एकत्रच असते. नारिंगी-तपकिरी अंगाचे हे मोठे बदक लडाख आणि तिबेटच्या पठारावर वीण करते आणि थंडीत खाली उतरते. धुके विरळ होऊ लागले की पहिला रंग दिसतो तो याचाच.

गावातील तरुण येथे मार्गदर्शक म्हणून काम करतात. दुर्बिणी आणि तिकाटण्यावर बसविलेली दूरदर्शी नळी भाड्याने मिळते. शहरातून आलेल्या हौशी मंडळींच्या गळ्यात बऱ्याचदा हजारो रुपयांचा कॅमेरा असतो, परंतु पाण्यावरचा काळा ठिपका कोणत्या पक्ष्याचा हे सांगण्यासाठी त्यांना चापडगावच्याच मुलाकडे वळावे लागते. त्याला पक्ष्यांची इंग्रजी नावे पाठ असतात आणि मराठीही. मराठी नावे अधिक बोलकी आहेत, हे मान्य करावे लागेल. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेले ते हळदी-कुंकू बदक. चमच्यासारखी पसरट चोच असलेला तो थापट्या. पाण्यातून चालताना काठ्यांवर उभा असल्यासारखा दिसतो तो शेकाट्या. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पक्ष्याचे नाव वारकरी, आणि तो थव्यानेच राहतो. डोळ्यांवर पांढरी भिवई उमटलेले ते भुवई बदक. ज्येष्ठ अरण्यवाचक मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोशा'त अशी नावे मोठ्या कष्टाने एकत्र केली. २०२५ च्या जून महिन्यात त्यांचे निधन झाले. बदकांच्या थव्याकडे बोट दाखवून मराठी नाव सांगता येणे हे त्यांच्या पिढीचे देणे आहे.

सारी बदके एकसारखीच दिसतात, ही नवख्यांची नेहमीची तक्रार. ती दूर करण्याचा सोपा उपाय म्हणजे रंग सोडून खाण्याची पद्धत पाहणे. एक गट पाण्यावर तरंगत केवळ मान बुडवतो, फार तर शेपूट वर करून अर्धा उलटा होतो. तलवार बदक, थापट्या, चक्रांग आणि तरंग ही या गटातील मंडळी. त्यांची मान जितकी पोहोचेल तितक्याच खोलीवरचे अन्न त्यांना मिळते. म्हणजे वीतभर ते हातभर पाणी. दुसरा गट पूर्ण बुडी मारतो. लालसरी आणि शेंडी बदक थोडे खोल पाणी पसंत करतात. शेकाट्या आणि इतर चिखलपक्ष्यांना तर पायाचा घोटा बुडेल इतकेच पाणी हवे असते, आणि रंगीत करकोचे किंवा चमचे गुडघाभर पाण्यात फिरतात. पाण्याच्या दोन-चार हातांच्या फरकात कोण कोठे जेवणार हे ठरलेले असते. नांदूरमध्यमेश्वरची श्रीमंती ही अशी खोलीच्या पायऱ्यांवर अवलंबून आहे, आणि त्या पायऱ्या गाळाने घडविल्या आहेत.

थापट्याचे वागणे पाहत राहावे असे. पंधरा-वीस पक्षी एकत्र जमतात आणि एकामागे एक असे गोल फिरू लागतात. पायांच्या हालचालीने तळाचे सूक्ष्म जीव वर येतात. पुढच्याच्या मागे डोके पाण्याला टेकवून मागचा ते गाळून घेतो. त्याच्या चोचीच्या कडेला बारीक कंगव्यासारखे दाते असतात, त्यामुळे पाणी बाहेर जाते आणि अन्न आत राहते. दुर्बिणीतून हे गोल रिंगण पाहताना लहान मुलांना हसू आवरत नाही.

काठालगतच्या पाणकणसांत जांभळी पाणकोंबडी दिसते. कोवळा कोंब उपटून तो एका पायाच्या पंजात धरून ती खाते. कमळपक्षी पाणवनस्पतींच्या पानांवरून बिनधास्त चालतो. त्याची बोटे इतकी लांब, की वजन विभागले जाते. पावसाळ्यात त्याला लांबलचक शेपटी असते आणि अंडी उबविण्याचे काम नर करतो, मादी दुसऱ्या नराच्या शोधात जाते. हिवाळ्यात मात्र शेपूटही नसते आणि ऐटही उतरलेली असते.

नऊच्या सुमारास अचानक हजारभर पक्षी एकाच वेळी उठतात. आकाशात दलदली भोवत्या आलेला असतो. पंख इंग्रजी 'व्ही'च्या आकारात वर धरून तो पाणवेलींवरून खालून खालून घिरट्या घालतो. तोही उत्तरेकडून आलेला पाहुणाच. बदके हवेत उडतात. वारकऱ्यांना मात्र चटकन उडता येत नाही, पाण्यावरून बराच वेळ धावत जाऊन मग ते उचलले जातात. म्हणून ते पळण्याऐवजी दाटीवाटीने गोळा होतात आणि पंखांनी पाणी उडवितात. भोवत्याला हवा असतो तो एकटा पडलेला किंवा आजारी पक्षी. एक-दोन फेऱ्यांत तसा कोणी सापडला नाही तर तो पुढे निघून जातो आणि पाच मिनिटांत सारे पूर्ववत होते.

अकरानंतर बहुतेक बदके बेटांवर चोच पाठीत खुपसून झोपी जातात. उशिरा येणाऱ्या कुटुंबांना हेच दृश्य पाहावयास मिळते आणि 'पक्षी काहीच करीत नाहीत' असा शेरा मारून ती परततात. खरे तर यातील अनेक जातींची बदके रात्री चरतात. अंधार पडल्यावर ती पाणथळीवरून उठून आसपासच्या भिजलेल्या शेतांमध्ये उतरतात आणि पहाटेपूर्वी परत येतात. दिवसाचे पाणी हे त्यांच्यासाठी भोजनगृहापेक्षा सुरक्षित विश्रामगृह अधिक असते. एवढ्या विस्तीर्ण उघड्या पाण्यात कोल्हा किंवा रानमांजर चोरपावलांनी येऊ शकत नाही. म्हणूनच माणसांनी काठ सोडून आत शिरणे, मोठ्याने बोलणे, वा उडतानाचे छायाचित्र मिळावे म्हणून दगड मारून थवा उठविणे हे प्रकार वरकरणी वाटतात तितके निरुपद्रवी नाहीत. प्रत्येक उड्डाणाला चरबी खर्च होते, आणि ती चरबी परतीच्या प्रवासासाठी जमविलेली असते.

येतात का, आणि जातात कशासाठी

पक्षी थंडीला कंटाळून दक्षिणेत येतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. पिसांच्या आवरणामुळे थंडी ते बऱ्यापैकी सोसू शकतात. अडचण होते ती उपासमारीची. उत्तरेत तळी आणि नद्या गोठल्या की पाण्यातील अन्नाला कुलूप लागते. दिवस लहान होऊ लागल्याचा संकेत शरीराला मिळतो, अंगावर चरबीचा थर चढतो आणि थवे निघतात. सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंतच्या या आकाशमार्गाला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. त्याच्या पट्ट्यात तीस देश येतात. मार्गात हिमालय उभा असतो. काही पक्षी त्याला वळसा घालतात, तर पट्टेरी राजहंसासारखे पक्षी अतिउंचावरून तो ओलांडतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतात पकडून पायात कडी घातलेली बदके पुढे सैबेरिया आणि मध्य आशियात सापडली, त्यातून या मार्गाची पहिली ठोस माहिती मिळाली. आता उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे त्याच कामासाठी वापरली जातात.

मग उष्ण आणि अन्नाने भरलेला दक्षिण देश सोडून मार्चमध्ये परत का जायचे? उत्तरेच्या उन्हाळ्यात दिवस सोळा-अठरा तासांचा असतो, कीटकांचा सुकाळ असतो आणि वीण करणाऱ्यांची गर्दी कमी असते. पिल्ले वाढविण्यास याहून चांगले ठिकाण नाही. निफाडच्या उन्हाळ्यात, जेव्हा काठाची दलदल तडकून भेगाळते, तेव्हा येथे थांबून पिल्लांना काय भरविणार, हा प्रश्नच आहे.

हिवाळी फेरीसाठी जानेवारी महिना का निवडावा, यालाही एक कारण आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणारी नर बदके मळक्या, मादीसारख्या वेषात असतात. विणीनंतर त्यांची पिसे झडलेली असतात आणि काही काळ ती उडूही शकत नाहीत, त्या काळात भडक रंग जिवावर बेतले असते. येथे पोहोचल्यावर नवी पिसे येतात आणि डिसेंबरअखेर तलवार बदकाची मान तपकिरी-पांढरी, थापट्याचे डोके हिरवे झालेले दिसते. बऱ्याच जोड्या येथेच, गोदावरीच्या पाण्यावर जमतात. वसंतात मादी आपल्या जन्मस्थानाकडे परतते आणि नर तिच्यामागून जातो, मग त्याचा स्वतःचा मुलूख हजार किलोमीटर दूर का असेना. निफाडात जुळलेले लग्न आणि घरजावई सैबेरियात, असा हा मामला आहे.

पाणी कोणाचे, पातळी कोणाची

येथवर सारे सुखाचे वाटते. परंतु काठावर उभे राहून मार्गदर्शकाला 'यंदा पक्षी कसे आहेत?' असे विचारले, की उत्तराची सुरुवात पाण्याने होते. आवर्तन सुटले का, किती दिवस चालणार, यावर सारे अवलंबून.

रब्बीची आवर्तने कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. गंगापूर-दारणा समूहातून पाणी सोडले की नांदूरमध्यमेश्वरची पातळी वाढते, कारण कालव्यात पाणी चढविण्यासाठी तसे करावेच लागते. बेटांच्या कडा आणि चिखलाची मैदाने पाण्याखाली जातात. शेकाट्या, चमचे आणि लहान चिखलपक्षी एका रात्रीत दिसेनासे होतात. आवर्तन संपले की पातळी घसरते, गाळ उघडा पडतो आणि तीच मंडळी परत येते, परंतु आता बुडी मारणाऱ्या बदकांची पंचाईत होते. थोडा चढ-उतार पाणथळीला हितकारकच असतो, कारण उघड्या पडलेल्या गाळात नवे बी रुजते. मात्र तो एकाएकी आणि पक्ष्यांच्या ऐन मुक्कामात झाला तर त्याचा परिणाम लगेच जाणवतो. बैठकीत शहरांचे पिण्याचे पाणी असते, उद्योग असतात, ऊस असतो. पक्ष्यांचे आवर्तन तेथे मांडले जात नाही.

दुसऱ्या बाजूला वरच्या अंगाच्या गावांचे म्हणणे आहे आणि ते डावलता येण्यासारखे नाही. चांदोरी आणि सायखेडा या गोदाकाठच्या बाजारपेठा २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरांत पाण्याखाली गेल्या. दुकाने, घरे, जनावरे यांचे अतोनात नुकसान झाले. बंधाऱ्यामागील गाळामुळे नदीचे पात्र उथळ झाले, पुराचे पाणी पुढे सरकण्याऐवजी मागे फुगते, म्हणून गाळ काढा आणि दरवाजे वाढवा, अशी या भागाची मागणी आहे. ज्याच्या घरात छातीभर पाणी शिरले त्याला गाळ म्हणजे पक्ष्यांचे गाव, हे पटवून देणे अवघड आहे. गाळ सरसकट उपसला तर पाणथळीचे तळे होईल आणि वीतभर पाण्यात चरणारे निम्मे पक्षी कमी होतील, हेही तितकेच खरे. मुख्य प्रवाहाचे पात्र मोकळे करून काठाची दलदल आणि बेटे राखणे हा मधला मार्ग कागदावर सोपा दिसतो. त्यासाठी कोठे किती गाळ आहे आणि कोठला पक्षी कोठे चरतो, हे दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून पाहावे लागतील. ते काम पाटबंधारे खाते आणि वन खाते यांनी एका टेबलावर बसून करण्याचे आहे.

कायद्याची स्थितीही मजेशीर म्हणावी अशी. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी खास बांधलेल्या जलरचनांना पाणथळीच्या व्याख्येतून वगळलेले आहे. नांदूरमध्यमेश्वरला संरक्षण मिळते ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालील अभयारण्य म्हणून, आणि त्यात भर रामसर दर्जाची. राज्यात असे शेकडो लहानमोठे पाझर तलाव आणि बंधारे आहेत जेथे हिवाळ्यात बदके उतरतात. त्यांच्या वाट्याला असे दुहेरी कवच आलेले नाही.

गोदावरीतून येणारा तिसरा पाहुणा म्हणजे पाणवेली. नाशिक शहराचे सांडपाणी नदीत मिसळते, त्यातील नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीचे खत ठरते. वरच्या पात्रात माजलेली जलपर्णी पुराबरोबर वाहत येऊन बंधाऱ्यापाशी अडते. तिचा गालिचा पसरला की सूर्यप्रकाश पाण्यात शिरत नाही, तळाच्या वनस्पती मरतात, प्राणवायू घटतो आणि मासे तडफडतात. लांबून पाहणाऱ्याला हिरवेगार दिसते म्हणून छान वाटते, हा तिचा आणखी एक धोका. रामसरच्या नोंदीतही जलपर्णी आणि शहरी सांडपाणी यांचा धोका म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे गोदाघाटावरील प्रदूषणाची चर्चा शहरापुरती मर्यादित नाही. तेच पाणी काही दिवसांत चापडगावच्या काठाला लागते.

भरतपूरचा अनुभव येथे उपयोगी पडेल. तेही मानवनिर्मितच आहे. राजस्थानातील पांचना धरणातून पाणी येणे थांबल्यावर २००४ च्या सुमारास ते अक्षरशः कोरडे पडले होते आणि पुढे दूरच्या स्रोतांतून पाणी आणण्याची वेळ आली. त्याआधीची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९८२ मध्ये तेथे गुरे चारण्यास बंदी घालण्यात आली. ग्रामस्थांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात आढळले, की म्हशी चरणे थांबल्यामुळे पाणगवत बेसुमार वाढले, मोकळे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांची गैरसोयच झाली. माणसांना बाहेर काढले की निसर्ग आपोआप सुधारतो, हे गृहीतक पाणथळीला लागू पडेलच असे नाही, हा त्याचा अर्थ. नांदूरमध्यमेश्वरच्या काठावरील गावे शतकभर या पाण्याबरोबर राहत आली आहेत. मासेमारी, काठावरची पिके, गुरांचे पाणी यांचे प्रश्न वन खात्याच्या चौकीवर येतात. गावातील मुलांना मार्गदर्शक म्हणून मिळालेले हंगामी उत्पन्न हा या संबंधातील एक नवा आणि चांगला धागा आहे, तो हंगामापुरताच आहे हा भाग वेगळा.

जाण्यापूर्वी

जाऊ इच्छिणाऱ्यांनी सूर्योदयाच्या आधी पोहोचावे आणि ऊन पाठीशी राहील अशी जागा धरावी. भडक कपडे आणि अत्तर घरी ठेवावे. साधी दुर्बीण पुरते. मुले बरोबर असतील तर एकेका जातीमागे धावण्याऐवजी एकच थवा अर्धा तास पाहू द्यावा, ती अधिक रमतात. स्थानिक मार्गदर्शक अवश्य घ्यावा. येताना संगमाजवळील मध्यमेश्वराचे मंदिर पाहता येते, ज्याच्यावरून या ठिकाणाचे नाव पडले.

दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतात ती १९८७ पासून सुरू आहे आणि त्यात हौशी निरीक्षकांचाही सहभाग असतो. एवढे पक्षी मोजतात कसे, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. थव्यातील दहा किंवा शंभर पक्षी डोळ्यांनी नीट मोजायचे, तेवढी जागा किती व्यापली ते मनात धरायचे आणि मग तेवढ्याच मापाचे किती तुकडे थव्यात बसतात ते पाहायचे. सरावाने अंदाज बराच अचूक येतो. त्या दिवशी आवर्तन सुरू असेल तर आकडा एक येतो आणि पाणी उतरलेले असेल तर दुसरा. म्हणून नोंदवहीत पक्ष्यांच्या नावांच्या आधी पाण्याची पातळी लिहून ठेवणे गणनेला उपयोगी पडते.

फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापू लागते. सायंकाळच्या वेळी तलवार बदकांचे थवे अस्वस्थपणे उठतात, उंच घिरटी घालतात आणि पुन्हा पाण्यावर बसतात. असे चार-पाच दिवस चालते. मग एका सकाळी मार्गदर्शकाची दुर्बीण त्या बेटावर फिरते आणि तेथे केवळ हळदी-कुंकू बदके आणि पाणकावळे उरलेले असतात.